वापर: गोडाऊन, दारं: एक

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, रूमवरच्या पोरांना नाही, आणि ज्यांच्याबरोबर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून घसा कोरडा केला त्यांना तर नाहीच नाही. तुला सांगतोय — का, ते मला नीट कळलेलं नाही. कदाचित तू मला मध्येच थांबवून ‘बरं, जाऊ दे’ म्हणू शकत नाहीस म्हणून.

चेन्नईत मला ओळखणारे जे थोडे लोक आहेत, ते मला एकाच गोष्टीवरून ओळखतात. नुंगंबाक्कमच्या एका रस्त्यालगतच्या गल्लीत अकरा घरं होती, त्यांना नंबर नव्हता. तो ज्याने महापालिकेच्या नाकावर टिच्चून मिळवून दिला तो मराठी पोरगा. कॉलेजांतून बोलावणी येतात. मी जातो. माहितीचा अधिकार कसा वापरायचा, अर्ज कसा लिहायचा, हरकत कशी नोंदवायची — सगळं सांगतो. टाळ्या पडतात. त्या गोष्टीतली घरं खरी आहेत, नंबरही खरे आहेत. बाकीचं...

बाकीचंच सांगायचंय. पण मला सरळ तिथे जाता येत नाहीये, थोडा वळसा घेऊ दे.

या शहरात नवा माणूस आधी चक्रावतो तो पत्त्याने. प्रत्येक घराला दोन नंबर. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, लाइट बिलावर — जुना नंबर इतका, नवा नंबर तितका. घरं पाडून, जोडून, भावाभावांत वाटून जुन्या नंबरांचा चोथा झाला, म्हणून महापालिकेने रस्त्याच्या टोकापासून पुन्हा मोजायला घेतलं. नवा नंबर भिंतीवर रंगवला. लोकांनी जुना सोडला नाही. त्यामुळे नव्या चौदाच्या शेजारी जुना सत्तावीस, आणि जुना चौदा कुठेतरी पुढे, पाण्याच्या टाकीपाशी. ऑटोवाला पत्ता ऐकला की पहिलं विचारतो, “पळसा, पुदुसा?” जुना की नवा?

आणि रस्त्यांची नावं! नावाच्या शेवटी असलेली जात सरकारने पूर्वीच पुसून टाकलेली. पाटीवर माणूस उरला, त्याची जात गेली. सोलापूरहून आलेल्या मला याचं केवढं अप्रूप. मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. कंपनीच्या बसमधून येता-जाता त्या पाट्या वाचायचो आणि छाती फुगायची. जणू त्या मीच पुसल्या होत्या.

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो. फीवाढ, हॉस्टेलचं पाणी, बसपास — विषय कुठलाही द्या, अर्ध्या तासात पत्रक. आमच्या वरच्या वर्षाच्या एका पोराने मला ते शिकवलं होतं. पहिल्या ओळीत आरोप कर. दुसऱ्या ओळीत नाव घे. शेवटी वेळ आणि जागा. मध्ये काय वाटेल ते लिही. आणि नाव हवंच, म्हणायचा तो — ‘व्यवस्था’ म्हटलंस की लोक पत्रकाचा भेळेला पुडा करतात. एका माणसाचं नाव घातलंस की थांबून वाचतात. हे मला इतकं पटलं होतं की त्या नावामागे एक माणूस चपला काढून घरात शिरत असेल, पाणी पीत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

मी राहायचो त्या रस्त्याची रहिवासी संघटना एक निवृत्त शिक्षिका चालवायच्या, पद्मा टीचर. आमच्या रस्त्याचं नव्याने नंबर घालणं तेव्हा अर्धवट अडकलं होतं. वॉर्ड ऑफिसात माणसं कमी. नियमाप्रमाणे तिथल्या माणसाने स्वतः रस्ता चालून प्रत्येक दार मोजायचं. प्रत्यक्षात काय व्हायचं? संघटनेकडून एक तक्ता मागायचे — जुना नंबर, मालक, वापर, दारं किती — आणि तोच रजिस्टरात उतरवायचे. मग यादी भिंतीवर डकवायची, हरकतींसाठी पंधरा दिवस, की झालं. सगळ्या वॉर्डात असंच चालायचं. टीचर म्हणाल्या, तू तरुण आहेस, हौस आहे, तूच कर. मला तर हवंच होतं.

ऑफिसात ते काम बघायचे पंचनदराव. सगळे त्यांना राव सार म्हणायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी काहीतरी अडखळत सांगत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“तुम्हीं मराठी का हो?”

मी बघतच राहिलो. तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले आणि भाषा घरातल्या घरात टिकवली. ‘झालें’, ‘आहें’, ‘मज’, ‘तुम्हांस’ — जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं बोलायचे आणि मध्येच “सेरी, सेरी”, म्हणजे बरं बरं, म्हणून मान डोलवायचे. मला हसू यायचं. रूमवर मी त्यांची नक्कल करायचो — हेही सांगून टाकतो, एवढं सांगतोय तर. पोरं लोळायची.

पण त्या माणसाची एक गोष्ट होती. तो अख्खा वॉर्ड त्यांच्या डोक्यात होता. रजिस्टर उघडायची गरजच नाही. पोस्टमन येऊन विचारायचे, टेलिफोनवाले विचारायचे. ऑफिसातली माणसं दुपारी जेवल्यावर गंमत म्हणून त्यांची परीक्षा घ्यायची — राव सार, ते बंद पडलेलं शिंप्याचं दुकान? ते डोळे मिटून म्हणायचे, जुना सतरा बाय दोन, नवा तेहतीस, मधली भिंत पाडली म्हणून एक नंबर कमी आला. कुणीतरी रजिस्टर उघडायचं. बरोबर असायचं. नेहमी. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ना — गर्व नाही म्हणता येणार. एखाद्या माणसाला आपलं या जगात काय काम आहे ते पक्कं ठाऊक असावं, तसं काहीतरी.

मी तक्त्याचे तीन कागद दिले तेव्हा त्यांनी वरवर चाळले. गुडघा धरला होता त्यांचा, ऑफिसचा जिनासुद्धा कसाबसा चढायचे. म्हणाले, “मी येऊन पाहायला हवें. पण तुम्हीं लिहून दिलेंत ना, मग झालें.”

तुम्हीं लिहून दिलेंत ना.

आता त्या शनिवारकडे येतो. मे महिना. इथे त्या दिवसांतल्या उन्हाला कत्तिरी म्हणतात, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन. पॅडला कागद लावून सकाळपासून दारं मोजत होतो. जुन्या चौदा नंबरपाशी आलो. मोठं कंपाउंड, आत दुमजली घर, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून एक बोळ — माणूस सरळ चालत गेला तरी दोन्ही खांद्यांना भिंत लागेल एवढा. फाटकाशी मालक पेपर वाचत बसलेले. पांढरीशुभ्र वेष्टी लुंगीसारखी नेसलेली, कपाळावर विभूती. मला खुर्ची दिली. कुठली कंपनी, पगार बरा आहे का, लग्न झालं का — चौकशी केली. मी बोळाकडे बोट दाखवलं.

“उळ्ळे ओण्णुम इल्ल, तंबी. गोडाऊन.”

आत काही नाही, भावा. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन बघितलं. आत पाऊल नाही टाकलं, फक्त बघितलं. दोरीवर कपडे वाळत होते. शाळेचा एक निळा फ्रॉक होता. आणि पहिल्या दाराच्या उंबऱ्यासमोर कोलम काढलेला होता — पांढऱ्या पिठाची रांगोळी, सकाळचीच, अजून कुणाचा पाय न पडलेली.

गोडाऊनसमोर कोलम कोण काढतं?

मला माहीत होतं. हे मी तुला अगदी स्पष्ट सांगतो, कारण पुढे सगळ्यांना मी उलटं सांगितलं. माहीत होतं आणि मी लिहिलं — वापर: गोडाऊन, दारं: एक. खाली तारीख, सही.

का? एक वाजताच्या सिनेमाची तिकिटं होती, ऊन होतं, भूक होती. सगळं खरं आणि त्यातलं एकही कारण नाही. कारण असं की त्या माणसाने मला खुर्ची दिली होती. तो माझ्याशी बरोबरीने बोलला होता. त्याच्या तोंडावर ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणणं मला जमेना. मंत्र्यांना कागदावर चोर म्हणायला मला काडीची भीती वाटत नव्हती. खुर्चीवरच्या एका माणसाला ‘जरा आत जाऊन बघतो’ म्हणायची वाटली. आणि बोळातल्या लोकांनी मला कुठे खुर्ची दिली होती?

यादी भिंतीवर लागली. पंधरा दिवस गेले. बोळातलं कुणी ती वाचायला गेलं नाही, त्यांना यादी लागल्याचंच कुणी सांगितलं नाही. सांगणं माझंच काम होतं. मग रंगारी आला आणि रस्ताभर निळ्या रंगात नवे नंबर रंगवून गेला. बोळात शिरला नाही. का शिरेल?

कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावायची मल्लिका अक्का. माझेही शर्ट तिच्याकडेच. ती त्या बोळात राहायची, चौथं दार. रेशनकार्ड नवं करायला गेली तर म्हणाले नवा नंबर आण. नंबर आणायला गेली तर म्हणाले असं घरच नाही. ती थेट संघटनेच्या मीटिंगला आली. टीचरांच्या हॉलमध्ये तीसेक माणसं, आणि ही दारात उभी. आत बस म्हटलं तरी बसेना. माझ्याकडे बघून म्हणाली, “तंबी, रस्ताभर मोजत फिरलास. आमची दारं कुठं गेली?”

कुणीतरी हसलं. मग ती म्हणाली, त्या दिवशी तू आत आलाच नव्हतास ना?

इथे. अगदी इथेच. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — नाही आलो, चुकलं माझं, उद्या हरकत नोंदवू. काय झालं असतं? चार लोक कुजबुजले असते. टीचरांनी चष्म्यावरून बघितलं असतं. बस्स.

मी म्हणालो, “आलो होतो, अक्का. अकरा दारं लिहून दिली होती. ऑफिसने गाळली.”

अकरा हा आकडा मी कसा काढला? मीटिंगला येता-येता ती बाहेर कुणाला तरी सांगत होती, अकरा घरं आहेत म्हणून. कानावर पडला होता. म्हणजे बघ, खोटं बोलायला लागणारा आकडासुद्धा मी तिच्याकडूनच घेतला.

ती लगेच मऊ झाली. तिने माझ्यापुढे हात जोडले. आणि हॉल पेटला. लोकांना हवंच होतं असं काहीतरी. सगळ्यांचेच काही ना काही कागद त्या ऑफिसात अडकलेले. त्या रात्रीच पत्रक लिहिलं. मी इंग्रजीत लिहिलं, टीचरांनी त्याचं तमिळ केलं. ‘नावातून जात गेली, नंबरातून कधी जाणार?’ — पहिली ओळ. चांगली ओळ आहे, अजूनही वाटतं. दुसऱ्या ओळीत नाव. पंचनदराव. आणि मध्ये एक प्रश्न टाकला: अकरा घरं कागदावरून कुणाच्या सांगण्यावरून गायब झाली? आरोप नाही केला मी. नुसता प्रश्न विचारला. असा प्रश्न कसा विचारायचा हेही मला शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते वॉर्डातल्या एकूण एक दारात टाकलं. राव सारांच्या टेबलावरही कुणीतरी ठेवलं.

मी स्वतःला सांगत होतो — त्यांनी स्वतः येऊन बघायला नको होतं? नियम होता की नाही? सही कुणाची आहे रजिस्टरात? खरंच आहे ते. त्यांनी यायला हवं होतं. हे इतकं खरं होतं की मी त्यावर सहा महिने काढले.

आता खरं ते. वरचं सगळं वाचून तुला वाटलं असेल की एवढंच — एक खोटं, एका माणसाची बदनामी. मलाही तेवढंच सांगून थांबावंसं वाटतंय.

पत्रकानंतर चौकशी लागली. माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता, सगळ्या ऑफिसांतून त्याची धास्ती होती. टीचर म्हणाल्या, फाईल बघायचा अर्ज टाक, तुझा तक्ता बाहेर काढ, त्यांचं तोंड बंद होईल. नाही म्हणायला कारण काय देणार? अर्ज टाकला. मंजूर झाला. गेलो.

फाईल राव सारांनीच आणून माझ्यापुढे ठेवली. टेबल पुसलं. शिपाई रजेवर होता. मी पत्रकात त्यांचं नाव घातलेलं, सगळं ऑफिस माझ्याकडे तिरकं बघतंय, आणि ते म्हणतात, “उन्हांतून आलांत. कॉफी आणतों.” मी नको म्हणालो. ते निघालेच. खालच्या हॉटेलात. लाकडी जिना होता. त्यांचा दुखरा पाय आधी खाली टेकायचा, मग दुसरा. टक्. मग घसरल्यासारखा आवाज. पुन्हा टक्. मी ते ऐकत होतो.

तीन कागद होते, दोरीत ओवलेले. दुसऱ्यावर माझं अक्षर. गोडाऊन. एक. माझी सही.

मी तो कागद काढला. घडी घातली, शर्टच्या आत, बनियनला लागून ठेवला. दोरी पुन्हा बांधली. जिन्यावर पावलं परत वर यायला लागली होती, या वेळी आणखी सावकाश — हातात कॉफी होती ना.

मी ती प्यायलो. ते समोर बसून होते. म्हणाले, “पाहिलेंत सगळें?” मी पाहिलं म्हणालो. फाईल तपासली म्हणून रजिस्टरात सही केली. कागद कंपनीच्या बाथरूममध्ये फाडला आणि पाणी ओढलं. दोनदा ओढावं लागलं.

चौकशीला बाहेरचे अधिकारी आले होते. त्यांनी विचारलं, नोंद कशावरून केलीत? राव सार म्हणाले, संघटनेच्या तक्त्यावरून. दुसरा कागद, चौदा नंबर, गोडाऊन लिहिलं होतं. फाईल उघडली. आवक रजिस्टरात तीन कागदांची नोंद, फाईलमध्ये दोन. मला आत बोलावलं. तुम्ही काय लिहून दिलं होतं?

अकरा दारं, मी म्हणालो. राहती घरं.

राव सारांनी माझ्याकडे बघितलं. मी तयारीत होतो — आता ओरडतील, खोटारडा म्हणतील, कोण फाईल बघून गेला तेही सांगतील. मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. ते ओरडले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आकडेमोड जुळत नाही तेव्हा पडतात तशा. बराच वेळ ते छताकडे बघत होते. मग अधिकाऱ्यांना तमिळमध्ये हळूच म्हणाले, हे म्हणतात तसंच असेल, माझी काहीतरी चूक होत असेल.

कळतंय तुला? त्यांनी मला पकडलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोक्यावर ठेवला नाही, माझ्यावर ठेवला.

घरमालकाशी संगनमत सिद्ध झालं नाही, पण कागद हरवल्याचा आणि जागेवर न गेल्याचा ठपका बसला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जन्ममृत्यूच्या नोंदींत बदली केली. दोन बस बदलून जायचे म्हणे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, ती तिथे काढली. इकडे बोळातल्या अकरा दारांना नंबर मिळाले. रंगारी आला त्या दिवशी मल्लिका अक्काने पेढे वाटले आणि पहिला माझ्या तोंडात घातला. तो गोड लागला. खोटं कशाला सांगू?

दीड वर्षाने फोन आला. बाईचा आवाज, तसलंच जुनं मराठी. पंचनदरावांच्या पत्नी. माझा नंबर पत्रकाच्या खालीच छापलेला होता. त्यांनी पत्रक जपून ठेवलं होतं. म्हणाल्या, “ह्यांस तुम्हांला एक विचारायचें आहे. याल का?”

मला वाटलं, आलं. आता सुटलो. खरंच ‘सुटलो’ वाटलं.

पश्चिम माम्बळमला घर. जुना नंबर, नवा नंबर, दोन्ही दाराशी नीट लिहिलेले. बाईंनी पाणी दिलं आणि ते आतून येईपर्यंत भराभर सांगून घेतलं — हल्ली ह्यांस स्वतःचा भरवसा नाही. गॅस बंद केला की चिठ्ठी लिहितात. काल कोण आलं, काय बोललं, सगळं वहीत. “विचारून पाहा तुम्हीं, सगळें बरोबर सांगतात. कांहीं विसरत नाहींत. पण ऐकतच नाहींत माझें. ऑफिसांत तें झालें ना, तेव्हांपासून.”

भिंतीवर, स्विचच्या वर, खरंच चिठ्ठी होती.

राव सार आले. वाळले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, हे मला विसरता येत नाही. माझी चौकशी केली, आई कशी आहे, अजून शोळिंगनल्लूरलाच का. मग वही उघडून माझ्या जवळ सरकले. डॉक्टरला विचारावं तसं विचारलं त्यांनी मला.

“मज दिसतें तें असें. दुसरा कागद. चौदा. वापर गोडाऊन, दार एक. अक्षर तुमचें. सही तुमची, तिचें शेपूट वर गेलेलें. स्पष्ट दिसतें हो. पण तुम्हीं तर अकरा लिहिली होतींत. मग हें मज कुठून दिसतें?”

बाई दारात उभ्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. ना अधिकारी, ना तीस माणसं, ना टीचर. त्या माणसाला माझ्याकडून ना माफी हवी होती ना न्याय. एक शब्द हवा होता. मी ‘गोडाऊन’ म्हटलं असतं तर त्याला त्याचं डोकं परत मिळालं असतं.

मी म्हणालो, “अकराच होती, राव सार. तुमचा गोंधळ होतोय काहीतरी. वयाने होतं.”

वयाने होतं — हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्यांनी मान डोलवली. “सेरी,” म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. शब्द मराठी, अक्षरं तमिळ. माझी नजर बघून ते जरासे लाजले. देवनागरी कधी शिकलोच नाही, म्हणाले, भाषा तेवढी आईकडून आली. बाईंनाही येत नाही. मुलगी तर तमिळच बोलते.

मी फाटकापर्यंत आलो तेव्हा ते मागून सांगत होते, कुठून वळलं की बसस्टॉप जवळ पडेल ते. रस्त्याचं नाव, त्याचं आधीचं नाव. सांगून झाल्यावर बायकोला विचारलं, “बरोबर ना गं?”

बरोबर होतं.

त्यांचं नाव घातलेलं पत्रक मी तमिळमध्ये छापलं आणि दारोदार टाकलं. पंचनदराव अजून आहेत, त्याच घरात. हे मी मराठीत लिहिलंय. त्यांना ते वाचता येणार नाही. लिहायला बसलो तेव्हा मला हे माहीत होतं.